चाकांवरचं घर आणि सगळ्यांचा चौविहार



आमचं मंचर बटाट्याचं गाव. सातगाव पठारावरचा बटाटा आमच्या बाजारात पोत्यांनी येतो आणि आमच्या घरात एकही येत नाही. शेजारणी अजून हसतात, "वहिनी, तुमच्याकडे वडापाव कसला करता?" कच्च्या केळ्याचा करतो, आणि चांगला होतो. पण आज वड्याबद्दल नाही लिहायचं. आज आमच्या पाच दिवसांच्या प्रवासाबद्दल लिहायचंय. आम्ही सगळे समुद्रकाठी जाऊन आलो, तेही चाकांवरच्या घरातून, म्हणजे कॅरव्हॅनमधून.

तुम्हाला माहीतच आहे, आपल्या घरातली सहल म्हणजे यात्रा. पालिताणा, शंखेश्वर, नाकोडा, इकडे कुंभोजगिरी, नाहीतर एका दिवसात कात्रज. जिथे धर्मशाळा आणि भोजनशाळा, तिथे आपण. त्यात कमीपणा काहीच नाही. पण या हिशेबात समुद्र कधी बसतच नाही. कोकणातल्या किनाऱ्यावर जायचं तर पाणी कुठलं, तवा कुठला, सहाच्या आत जेवण कोण देणार, इथेच गाडी अडते. माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला तो एकदाच, मुंबईत एका लग्नाला जाताना, टॅक्सीच्या काचेतून. "पाण्याला पाय लावला नाही कधी," असं त्या म्हणायच्या. तक्रार म्हणून नाही, सहजच म्हणायच्या.

आपल्या राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. झोपायची जागा, ओटा आणि शौचालय असलेली गाडी भाड्याने घ्यायची, ठरलेल्या जागी उभी करायची, तिथे तिला वीज आणि पाणी मिळायचं, अशी ती कल्पना. आमच्या ह्यांच्या दुकानात कुणीतरी त्याचा विषय काढला आणि हे घरी आले ते गाडीचे फोटो घेऊनच. "बघ, आता तुझं स्वयंपाकघरच सोबत. नियमाची काळजीच मिटली. मम्मीसुद्धा येतील."

मुलं उड्या मारायला लागली. मी मात्र गप्प बसले. रात्री विचारलंच त्यांनी, "काय गं, आवडलं नाही का?"

मी म्हटलं, "अहो, मला सुट्टी हवी होती, बदली नको होती."

ते हसले, पण मी हसून बोलले नव्हते. स्वयंपाकघर सोबत आलं म्हणजे स्वयंपाकीणही सोबत आली. भोजनशाळेत निदान मी पाटावर बसून जेवते. या गाडीत मी सहा फुटांच्या जागेत तेच करणार, जे घरी बारा फुटांत करते. बाकीचे समुद्र बघणार आणि मी कुकरची शिट्टी मोजणार.

शिवाय एक गोष्ट काही महिन्यांपासून माझ्या मनात सलत होती. आमची लेक नऊ वर्षांची आहे, चौथीत. दिवाळीच्या आधी एकदा संध्याकाळी पाच वाजता मी पोळ्या लाटत होते. एकीकडे डाळ, दुसरीकडे पाणी गाळायचं राहिलेलं, धाकट्याची रडारड. ती दारात उभी राहून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "आई, मी मोठी झाले ना, की हे काहीच करणार नाही. केवढं काम असतं गं तुला."

मैत्रिणींनो, त्या वाक्यानं माझी झोप उडाली. पाठशाळेत तिला नवतत्त्वं शिकवतात, घरी दादी गोष्टी सांगते. पण रोज संध्याकाळी ती जे बघते, तेही शिकतेच ना? आणि ती हेच शिकत होती की रात्रिभोजन त्याग म्हणजे आईची पळापळ. तिला नियम नकोसा झाला नव्हता. तिला माझ्यासारखं होणं नकोसं झालं होतं.

म्हणून मी ह्यांना सांगितलं, "जाऊ. पण नियम सगळ्यांचा आहे तर काम पण सगळ्यांचं. आधी यादी करू."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही पाचही जण बसलो. लेकीच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहीत गेले. सकाळी पाणी गाळायचं. गाळण्यावर राहिलेलं त्याच पाण्यात अलगद परत सोडायचं. गाळणं वाळत घालायचं. सासूबाईंसाठी पाणी उकळून ठेवायचं. पीठ चाळायचं, कडधान्य निवडायचं. भाजी चिरताना आत कीड आहे का बघायचं. ओट्यावर मुंगी असली तर पुंजणीने हळूच बाजूला करायची. नवकारशीची वेळ बघायची. सूर्यास्ताची वेळ बघायची. त्याच्या दोन तास आधी स्वयंपाकाला लागायचं. भांडी अंधारापूर्वी आवरायची, उष्टं-खरकटं रात्रभर ठेवायचं नाही. यादी पान भरून उलट्या बाजूला गेली. हे वाचत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "हे सगळं रोज?"

सासूबाई म्हणाल्या, "रोज. मी पण केलंय, माझ्या सासूबाईंनी पण केलंय. कुणी लिहून नव्हतं काढलं, एवढंच."

मग वाटणी झाली. पाणी गाळायचं काम लेकीने मागून घेतलं. पाच वर्षांच्या धाकट्याकडे पुंजणी आणि मुंग्या. नवकारशी, सूर्यास्त आणि पच्चक्खाण सासूबाईंकडे, आणि निवडणं-चिरणंही, कारण ते बसून होतं. स्वयंपाक माझा. भांडी ह्यांची. आणि त्याहून मोठं काम ह्यांचं, ते म्हणजे गाडी कुठेही असो, साडेचारला ती मुक्कामावर उभी राहिली पाहिजे. गाडीत गॅस नव्हता, विजेची शेगडी होती आणि ती मुक्कामावर वायर जोडल्याशिवाय चालत नव्हती. म्हणजे सहाचं जेवण सगळं साडेचारवर टांगलेलं. आजवर 'मम्मीचं जेवण झालं का' एवढं विचारण्यापुरता त्यांचा चौविहाराशी संबंध होता. आता तो गाडीच्या घड्याळाशी जोडला गेला.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघालो. फाल्गुनी चौमासी अजून आली नव्हती, त्यामुळे पिठाचा काळ ३० दिवसांचा होता आणि खजूर-सुकामेवाही चालत होता. ज्यांना जायचंय त्यांनी हा हिशेब जरूर करावा. चौमासीनंतर पिठाचा काळ २० दिवसांवर येतो आणि डब्यात काय न्यायचं ते सगळंच बदलतं. मी नेलं ते असं: गव्हाचं पीठ, तांदूळ, मुगाची डाळ, भाजकं पोह्यांचं चिवड्याचं सामान, खाकरे, मेथीऐवजी दुधी घातलेले ठेपले पहिल्या दिवसापुरते, कच्ची केळी, कोबी नाही, टोमॅटो, काकडी, लिंबं. सुती गाळणी तीन, कारण समुद्राच्या दमट हवेत एक दिवसात वाळत नाही. सासूबाईंचं कटासणं, मुहपत्ती, चरवळा आणि दर्शनासाठी सिद्धचक्राचा छोटा फोटो.

गाडी ट्रॅव्हलरच्या आकाराची. आत दोन बाकं, ती रात्री पलंग होतात, वर एक फळीसारखी झोपायची जागा, ओटा, छोटा फ्रिज, मागे शौचालय. सोबत चालकदादा होते. ते सांगलीकडचे, मांसाहार करणारे, पण म्हणाले, "पाच दिवस तुमचंच खाईन, पोटाला आराम." सासूबाई रोज सकाळी चौदा नियम धारतात. निघायच्या दिवशी त्यांनी वाहनं मोजली: एक ही गाडी आणि एक बोट. दिशेची मर्यादाही घातली. लेक म्हणाली, "दादी, तुझं तिकीट तूच काढतेस का?" तशी ही गोष्ट खरीच आहे.

मंचरहून पहाटे निघालो. चाकण, तळेगाव, पौड, मग ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा आणि तिसऱ्या प्रहरी हरिहरेश्वर. घाटात हे तीनदा मागे वळून म्हणाले, "साडेचारला पोहोचतो ना आपण?" मी उत्तर दिलं नाही. ते काम माझं नव्हतं, आणि हे गप्प राहणं मला पहिल्यांदा फार जड गेलं.

मुक्कामावर गाडी उभी राहिली, वीज जोडली, टाकी भरली. टाकी शंभर लिटरची. आमच्या मंचरच्या घरात एवढं पाणी सकाळी नऊच्या आत संपतं. इथे ते सहा माणसांना दुसऱ्या दिवसापर्यंत पुरवायचं होतं. 'पाणी तुपासारखं वापरावं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण नळाला पाणी असेपर्यंत ते वाक्यच राहतं. इथे टाकीवर पाण्याची पातळी दिसते. लेकीने गाळणं चौपदरी करून पातेल्यावर बांधलं, हळूहळू पाणी ओतलं, मग गाळणं उलटं करून त्यावरून थोडं गाळलेलं पाणी सोडून ते जिथून घेतलं त्याच पाण्यात परत घातलं. एक तांब्यासुद्धा सांडला नाही. तिला पंधरा मिनिटं लागली. मला घरी तीन लागतात. मी हात मागे बांधून उभी राहिले.

सहाला पाच मिनिटं असताना आम्ही जेवून उठलो. मुगाची खिचडी, टोमॅटोचं सार, खाकरा. भांडी ह्यांनी घासली, कमी पाण्यात, आधी राखुंडीसारखं कोरडं पुसून. आणि मग आम्ही सगळेच्या सगळे समुद्रावर गेलो. सगळ्या किनाऱ्यावर लोक सूर्यास्त बघायला जमतात आणि नंतर जेवायला जातात. आपलं उलटं. आमच्याकडे मंचरला सूर्य डोंगराआड जातो, त्यामुळे सूर्यास्त म्हणजे पंचांगातला आकडा. इथे तो आकडा डोळ्यांना दिसतो. बिंब पाण्याला टेकलं, तशी सासूबाईंनी हात जोडून पच्चक्खाण घेतलं आणि मग पातळ पोटऱ्यांपर्यंत उचलून पाण्यात उभ्या राहिल्या. बराच वेळ. माझा हात घट्ट धरून. लाट मागे जाताना पायाखालची वाळू सरकते ना, तेव्हा त्या दचकायच्या आणि हसायच्या. लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या. सूर्यास्ताच्या वेळी मी आणि त्या दोघी एकदम मोकळ्या आहोत, असं या आधी कधी घडलेलं मला आठवत नाही.

रात्री मुलांना गोष्ट हवी होती. माझं माहेर जुन्नर, म्हणून मी नाणेघाटाची सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटाने जुन्नरला चढायचा. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, आणि जकात टाकायचा म्हणतात तो दगडी रांजणही. मुलांनी तो रांजण पाहिलाय, त्यात डोकावण्यावरून भांडलेत. "म्हणजे आपण पण तांडा का?" धाकट्याने विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "हो. आणि आपल्या आदिनाथ भगवानांची गोष्ट तांड्यापासूनच सुरू होते."

धन सार्थवाहाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ऋषभदेवांच्या तेरा भवांतला हा पहिला भव. धन सार्थवाहाने वसंतपूरला जायचं ठरवलं तेव्हा नगरात दवंडी दिली: ज्याला यायचं त्याने यावं, ज्याच्याजवळ वाहन नाही त्याला वाहन देईन, ज्याच्याजवळ शिदोरी नाही त्याला शिदोरी देईन. आचार्य धर्मघोषही साधूंसह त्याच्या सार्थाबरोबर निघाले. वाटेत पावसाळा लागला, सार्थ रानात अडकला, शिधा संपला, लोक कंदमुळांवर आले. तेव्हा एका रात्री धन सार्थवाहाला आठवलं की, साधू तर कल्पेल तेच घेतात, त्यांचं काय झालं असेल? तो तळमळला. सकाळी जाऊन त्याने त्यांना बोलावलं, आणि साधूंना कल्पेल असं तूप त्याच्या हातून वाहिलं. तिथे त्याला बोधिबीज मिळालं.

ही गोष्ट मी शंभरदा ऐकलीय, तुपाच्या दानासाठी. त्या रात्री वेगळंच ऐकू आलं. दवंडी देणारा तो होता, तळमळणाराही तोच. 'सगळे जेवले का' हा प्रश्न त्याने स्वयंपाकघरात पाठवून दिला नाही. सार्थ त्याचा, तर तो प्रश्नही त्याचा. मी अंधारात हळूच म्हटलं, "ऐकलंत का, सार्थवाह कोण होता ते?" वरच्या फळीवरून हे म्हणाले, "ऐकलं. उद्या भांडी जरा लवकर द्या."

दुसरा दिवस शनिवार. दुपारी बागमांडल्याला जाऊन बोटीने बाणकोटची खाडी ओलांडायची आणि वेळासला मुक्काम, असं ठरलं होतं. सावित्री नदी इथे समुद्राला मिळते. अलीकडे रायगड जिल्हा, पलीकडे वेसवी, रत्नागिरी जिल्हा. गाड्या बोटीवर चढवून नेतात. जेट्टीवर पोहोचलो तर सुट्टीच्या गाड्यांची रांग. एक फेरी गेली, दुसरी गेली. साडेचार वाजले, पाच वाजले. तिथे वीज नाही, शेगडी बंद. मला सवयीप्रमाणे पोटात गोळा आला. सूर्यास्त ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमाराला. पलीकडे जाऊन, वेळास गाठून, वीज जोडून स्वयंपाक होणं शक्यच नव्हतं. सासूबाई तर शांत होत्या. "मिळालं तर जेवू, नाहीतर उपवास. मला काय." त्यांना खरंच काही नव्हतं. पण मुलांना होतं, आणि मला होतं.

मी उठणार तेवढ्यात हे म्हणाले, "तू बस. साडेचारचं काम माझं होतं." त्यांनी डबे काढले. सकाळच्या पोळ्या होत्या, खाकरे, दही नव्हतं पण काकडी होती, गूळ-तूप होतं. चालकदादांनी जेट्टीवरच्या वाडीवाल्याकडून सहा शहाळी आणली. लेकीने सकाळी गाळून भरून ठेवलेली पाण्याची कळशी पुढे केली. तिने ती का भरली होती कुणास ठाऊक, तिला कुणी सांगितलं नव्हतं. ह्यांनी पोळ्यांना तूप-गूळ लावून गुंडाळ्या केल्या, काकडी चिरली, जाड, वाकडी. पहिली ताटली आईला दिली, दुसरी मला. मग मुलं, मग चालकदादा, शेवटी स्वतः. गाडीच्या पायरीवर बसून, खाडीकडे तोंड करून मी जेवले. कुणालाही वाढायला उठले नाही. सहा वाजून दहा मिनिटांनी धाकट्याने पुंजणीने पायरीवरचे पोळीचे कण गोळा केले, मुंग्या येऊ नयेत म्हणून.

मग आमचा नंबर लागला. घर गाडीत, गाडी बोटीत. खाडीच्या तोंडाशी सूर्य बुडताना आम्ही मधोमध होतो. सासूबाईंनी पच्चक्खाण दिलं, आणि लेकीने पहिल्यांदाच स्वतःहून हात जोडून घेतलं. त्या मुलांना श्रीपाळराजाची गोष्ट सांगत होत्या, धवल शेठने त्याला गलबतावरून समुद्रात ढकलला, तरी नवपदाच्या ध्यानाने तो कोकणच्याच किनाऱ्याला लागला, ती. धाकटा कठडा धरून पाण्यात मगर शोधत होता.

वेळासची गोष्ट तर प्रत्येक आईने मुलांना दाखवावी अशी. या गावाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत समुद्रात निघून जाते. पूर्वी ही अंडी माणसं उकरून न्यायची, उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये इथे संवर्धनाचं काम सुरू केलं, गावाने ते आपलं मानलं. आता घरटं सापडलं की अंडी कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात ठेवतात, दीड-दोन महिने राखण करतात आणि पिल्लं निघाली की वाळूवर सोडतात. पाण्यात नेऊन टाकत नाहीत. चालत त्यांनाच जायचं असतं. रविवारी सकाळी नवकारशी व्हायच्या आधीच आम्ही किनाऱ्यावर उभे होतो. मोजून सात पिल्लं होती, तळहाताएवढीसुद्धा नाहीत. दोरीच्या मागे शे-दीडशे माणसं, आणि कुणी आवाज करत नव्हतं.

"त्यांची आई कुठंय?" लेकीने विचारलं.

"ती गेली. समुद्रात."

"मग यांना कोणी सांभाळलं?"

"गावाने," शेजारी उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या. तिथल्याच असाव्यात, डोक्याला पदर, हातात खराटा. जीवदया म्हटलं की आपल्याला पांजरपोळ आणि पक्ष्यांचं पाणी आठवतं. त्या आजींनी 'जीवदया' हा शब्द वापरला नाही. पण थंडीतल्या रात्री किनाऱ्यावर पहारा करणं हे आणखी काय असतं?

पुढे केळशी, आंजर्ले, मुरूड असा रस्ता समुद्राला धरून. वळणं अरुंद आहेत, यापेक्षा मोठी गाडी घेऊ नका. त्या दिवसांत ओले काजू मिळतात. नारळ-जिऱ्याच्या वाटणात, कांदा-लसणाशिवाय उसळ केली, गाडीतली सगळ्यात चांगली भाजी तीच झाली. सोलकढी बाहेर घेऊ नका, बहुतेक ठिकाणी लसूण असतो. आगळ विकत घ्या आणि घरी करा. मुलांना शंख-शिंपले गोळा करायचे होते. सासूबाईंनी एक शंख उचलून कानाशी नाही, डोळ्यांशी नेला. आत एक खेकडा घर करून बसलेला. "हे त्याचं चाकांवरचं घर," त्या म्हणाल्या आणि जिथला तिथे ठेवला. मग कुणीच शंख आणले नाहीत.

हर्णै बंदरावर आम्ही थांबलो ते सुवर्णदुर्ग बघायला. पण तिथे मासळीचा लिलाव लागलेला. लेकीने नाक दाबलं. सासूबाईंनी तिचा हात हळूच खाली घेतला. "असं करू नये. पहाटेपासून राबतायत त्या बायका. आपला नियम आपल्या ताटासाठी आहे, दुसऱ्याला कमी समजायला नाही." ६८ वर्षं समुद्र न पाहिलेल्या बाईला हे कुठून सुचलं, असं मला वाटलं. मग वाटलं, सुचायला समुद्र कशाला हवा?

मंगळवारी रात्री परत आलो. आता तुम्ही विचाराल, पुढे काय? खरं सांगते, सगळं बदललं नाही. ह्यांना दुकानातून साडेचारला येता येत नाही, ते सात वाजताच येतात आणि दुपारचं जेवण हेच त्यांचं मोठं जेवण. पण रविवारी संध्याकाळचं जेवण ते करतात. काकडी अजून वाकडीच चिरतात. धाकटा पुंजणी घेऊन फिरतो, मुंग्या नसल्या तरी. त्या वहीचं पान मी फ्रिजवर लावलंय. पाहुण्या बायका ते वाचतात आणि गप्प होतात, आणि काही जणी त्याचा फोटो काढून नेतात.

तुम्हीही एकदा तुमच्या घरची यादी लिहून काढा. कॅरव्हॅन नाही घेतली तरी चालेल. नियम तेच राहतील, एकही कमी करायचा नाही. फक्त प्रत्येक ओळीपुढे एक नाव लिहायचं, आणि सगळ्या ओळींपुढे तुमचंच नाव आलं तर त्या दिवशी घरातल्यांना जेवायला बसवून ती यादी मोठ्याने वाचायची.

लेकीने तिचं 'मोठी झाल्यावर करणार नाही' हे वाक्य मागे घेतलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. पण रोज सकाळी शाळेच्या आधी पाणी तीच गाळते. परवा मला घाई होती म्हणून मी कळशी उचलली, तर म्हणाली, "आई, ते माझं आहे."